यादीत पॉव्हर्टी पॉइंटही हवं
'प्राचीन इतिहासासाठी इजिप्त, मेसोपोटेमिया, ग्रीस, रोम करा आणि अमेरिकेचा इतिहास १४९२ पासून धरा' असं मुलांना इतिहास शिकवताना घ्यायच्या विषयांच्या यादीसाठी कुणीतरी सुचवलंय. पहिला भाग एकदम मान्य, दुसरा अजिबात नाही. अशा आखणीत मुलांना वाटतं की कोलंबस येईपर्यंत तिकडे नुसतं जंगल होतं. लुइझियाना राज्यातल्या पॉव्हर्टी पॉइंटला इ.स.पू. १७०० ते ११०० च्या सुमारास लोकांनी मातीचे सहा अर्धवर्तुळाकार बांध एकात एक रचले आणि शेजारी सुमारे २२ मीटर उंचीची टेकडी उभारली. म्हणजे तिकडे इजिप्तमध्ये तुतनखामेन राज्य करत होता, तेव्हा ही वस्ती नांदती होती. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की हे लोक शेती करत नव्हते! शिकार, मासेमारी, कंदमुळं, सुकामेवा यांवर जगणारी माणसं टोपल्यांनी माती वाहून हे काम करत होती. 'आधी शेती, मग मोठी बांधकामं' हे आपण पाठ केलेलं सूत्र इथे लागूच पडत नाही.

तिथे आसपास दगड नाही, त्यामुळे हत्यारांचा दगड शेकडो किलोमीटरांवरून यायचा. स्वयंपाकासाठी ते मुठीत मावतील असे मातीचे गोळे करून विस्तवात तापवायचे आणि खड्ड्यातल्या भट्टीत टाकून त्यावर अन्न शिजवायचे. काही गोळ्यांवर बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात. २०१४ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे नकाशे आणि छायाचित्रं सहज मिळतात.