धबधब्याखाली गारठलो, कुंडात शेकलो… तुमचेही अनुभव लिहा

पागोळी
काल कपाट आवरताना जुने पैंजण हाताला लागले. काळे ठिक्कर. आणि थेट संगमेश्वरजवळच्या राजवाडीचं गरम पाण्याचं कुंडच डोळ्यांपुढे आलं! लग्नानंतरचा पहिला पावसाळा. सासूबाई, दोघी नणंदा, मी आणि वाट दाखवायला देवरुखचे एक काका. सकाळी मार्लेश्वर, शंकराचं गुहेतलं देऊळ. पाचशेच्या वर पायऱ्या, धुकं, गुहेत विजेचा दिवा नाही, नुसत्या समया. काकांनी आधीच बजावलेलं, "कपारीत साप दिसला तर किंचाळायचं नाय. तो हितलाच, आपण पाव्हणे." बाहेर धारेश्वर धबधबा असा कोसळत होता की शेजारच्या नणंदेचं बोलणं ऐकू येईना. नुसत्या तुषारांनी चिंब झालो, दात वाजायला लागले. काकांनी पाण्यात उतरू दिलं नाही म्हणून रागही आला.

दुपारी राजवाडी. उकडलेल्या अंड्यासारखा वास, सासूबाईंनी पदर नाकाला लावला. गारठलेला पाय पाण्यात टाकला तो चटका बसून लगेच वर. सासूबाई मात्र काठावर बसून तांब्या तांब्या पाणी गुडघ्यांवर घेत राहिल्या. अर्धा तास एक शब्द नाही. एरवी त्या गप्प बसतात होय! घरी येऊन बघते तर पैंजण काळे. नवी नवरी, भीतीने कुणाला सांगितलंच नाही. लिहा तुम्हीपण.

रानवाटा
गंधक गं ते, चांदीवर बसतं. आणि काकांचं बरोबरच होतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पाऊस पडत असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला की सामान न बघता काठ गाठायचा. आमच्या वाटाड्याने एकदा असंच ओरडून बाहेर काढलं. पाच-दहा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो खडक दिसेना. आजही अंगावर काटा येतो.

भाकरतुकडा
उन्हवरे, दापोली, तिथलं गरम पाण्याचं कुंड!! झऱ्याच्या तोंडाशी हात धरवत नाही. कुंडात निवलेलं पाणी येतं तिथे बसायचं. जळवांनी पाय फोडलेले, त्यावर ते पाणी… आई गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

डोंबिवलीकर
आमचं वज्रेश्वरीजवळचं अकलोली. तानसा नदीच्या काठावरची गरम कुंडं, भर पावसात नदी चढली की पाण्याखाली जातात, म्हणून आम्ही थंडीत जायचो. आधी वज्रेश्वरीचं देऊळ, मग कुंड, मग वडापाव. आजोबा दरवेळी पायऱ्यांवर थांबून वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी देऊळ कसं बांधलं ते सांगायचे. दरवेळी नवीन असल्यासारखं ऐकायचो.

जांभा
मुलाने विचारलं, खाली ज्वालामुखी आहे का? नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणपट्टीत अशी किती ठिकाणं! राजापूरचं उन्हाळे, तुरळ, आरवली, महाडजवळचं सव.

शेवंता
बीपीवाल्यांनी जपा. माझ्या आईला गरम पाण्याच्या कुंडातून उठताना भोवळ आली. नशीब मावशीने दंड धरला. पाच-दहा मिनिटं पुरे, उठायचं सावकाश, वर पाणी प्यायचं.

पागोळी
बापरे. आई बऱ्या आहेत ना आता?

शेवंता
ठणठणीत. परत कधी जायचं विचारतेय 😀

हिमशिखर
हिमाचलातली खीरगंगा. बरशैणी गावाहून गाईडबरोबर चढलो, वाटेत धबधबे, वर पोचलो तर बोटांना बुटाची नाडी सुटेना. गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलो आणि समोर बर्फाचे डोंगर. खाली मणिकरणला तांदळाची पुरचुंडी झऱ्यात सोडतात, तिथेच भात शिजतो.

भाकरतुकडा
आले. कुकरच्या नादात भाजी करपली. पैंजणांचं काय केलंस? चिंचेने घास.

रानवाटा
चिंच तांब्या-पितळेला गं. चांदीला भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर पैंजण, चमचाभर खायचा सोडा आणि उकळतं पाणी.

डोंबिवलीकर
मुंबईहून देवरुखला रात्रीची एसटी आहे का अजून?

जांभा
रेल्वेने संगमेश्वरला उतरा, तिथून गाड्या मिळतात.

पागोळी
रानवाटा, आत्ताच केलं! पाणी ओतल्या ओतल्या तोच वास, अगदी तोच. पैंजण उजळायच्या आत सासूबाईंची आतल्या खोलीतून हाक, "अगं, राजवाडीचं पाणी आणलंस की काय?" आता जाऊन त्यांना सगळं सांगते.