मदत हवी आहे : साडेतीन इंची खणात अडीच इंची एसएसडी कशी बसवावी?

फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची, पण चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवायची आहे, परंतु कॅबिनेटमध्ये केवळ साडेतीन इंची हार्ड डिस्कचे खण असून मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवण्याची खाच) नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एसएसडी व्यवस्थित दिसते, त्यामुळे केबल किंवा पोर्टविषयी शंका नाही. दुहेरी चिकटपट्टीने ती लावून पाहिली. मात्र पावसाळ्यातील दमट हवेत पट्टी सुटली आणि एसएसडी साटा केबलला लोंबकळू लागली, ज्यामुळे तिच्या नाजूक प्लास्टिक कनेक्टरवर ताण येतो. फिरणारे भाग नसल्याने ती उभी-आडवी कशीही चालते, हे ठाऊक आहे. जुनी हार्ड डिस्क खालच्या खणात राहणारच आहे आणि पत्र्याला भोके पाडायची नाहीत. अशा स्थितीत अडॅप्टर ब्रॅकेट (लहान डिस्क मोठ्या खणात बसवण्याची चौकट) पत्र्याचा घ्यावा की प्लास्टिकचा, आणि एसएसडीला एम३ (३ मिमी व्यासाचे) स्क्रू लावल्यावर तो ब्रॅकेट खणाला जोडण्यासाठी हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू चालतील का?