अनुभव धागा (जून 2025): पंधरावा नंबर आणि आपण. मँचेस्टर युनायटेडवाल्यांनो, मन मोकळं करा

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2024-25 चा फुटबॉल सीझन संपून महिना झाला. 38 मॅचेस, 18 पराभव, 42 गुण, पंधरावा नंबर. 1974 साली क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, त्यानंतरची ही सगळ्यात खालची जागा. युरोपा लीगच्या (युरोपातल्या क्लबांची दोन नंबरची स्पर्धा) फायनलने तरी लाज राखली जाईल म्हणून 21 मेच्या रात्री साडेबारापर्यंत जागलो, तर तिथेही टॉटनमकडून 0-1. आणि ते टॉटनम लीगमध्ये आपल्याही खाली, सतरावे! दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी चिडवलंसुद्धा नाही. चहा आणून दिला. हे जास्त लागलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माझा राग खेळाडूंवर कमी आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांच्यावर जास्त आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे लग्न थाटात करायचं आणि हप्ते नवरीच्या पगारातून कापायचे. मॅनेजर फर्ग्युसन होते तोवर झाकली मूठ राहिली. 2013 ला ते निवृत्त झाले, तेव्हापासून मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग आणि मग आमोरिम. एवढे मॅनेजर बदलून आडात नाही ते पोहऱ्यात येईना.

पण इथे मला विश्लेषण नको, ते यूट्यूबवर पोत्याने मिळतं. तुम्ही कुठे होतात, शेजारी कोण होतं, काय घडलं ते लिहा. इतर क्लबवाल्यांनाही यायला हरकत नाही, फक्त चपला बाहेर काढून या.

रात्रपाळी (ठाणे)

24 ऑक्टोबर 2021. तारीख वाचून काहींच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल.

हॉलमध्ये टीव्हीवर दुबईची भारत-पाकिस्तान टी-20. बाबा सोफ्यावर. मी त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, कानात इयरफोन, मोबाईलवर युनायटेड-लिव्हरपूल, आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमवर. पाचव्या मिनिटाला पहिला गोल खाल्ला. मग दुसरा. हाफटाइमला 0-4. तोपर्यंत टीव्हीवर बाबर आणि रिझवान खेळायला आले होते. सालाहने तिसरा मारून 0-5 केलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाबा दचकले. त्यांना वाटलं विकेट पडली, मला कशी आधी कळली! मी स्कोअर दाखवला. ते बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इकडे एक विकेट पडत नाही आणि तुझ्याकडे गोल थांबत नाहीत. आई, वाढ गं जेवायला." (ते माझ्या आईला आईच म्हणतात.) भारत दहा विकेटने हरला. जेवताना कोणी बोललं नाही, आमटीत मीठ नव्हतं तेही कोणी सांगितलं नाही.

मला राग त्या पाच गोलांचा नाही. त्यानंतर दिवाळी झाली, फराळ संपला, तरी सोल्शायर होताच. वॉटफर्डकडून 1-4 मार खाल्ल्यावर 21 नोव्हेंबरला काढला. मला तो माणूस म्हणून आवडतो, 1999 ची बार्सेलोनातली चॅम्पियन्स लीग फायनलची रात्र त्याने दिली आहे, म्हणून तर त्याला असं झिजवायला नको होतं. टेन हागचं तेच. एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) जिंकला म्हणून जुलै 2024 मध्ये करार वाढवला आणि त्याच वर्षी वसुबारसेला नारळ दिला. वर भरपाई. निर्णय घेणाऱ्यांना कोणी नारळ देतं का?

तालमीचा पोरगा (कोल्हापूर)

मी जरा आमच्या भाषेत लिवतो, समजून घ्या.

आपला स्ट्रायकर झिर्कझी, त्याचं सांगायचं हाय. 30 डिसेंबर 2024 ची न्यूकॅसलची मॅच. 33 व्या मिनिटाला आमोरिमनं त्याला भाईर काढला आणि आपल्याच पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. गडी मान खाली घालून थेट आत बोगद्यात. मला ते बघवंना, कारण मी त्या जागी उभा राहिलोय.

शाहू स्टेडियम, पेठेची मॅच, स्टँड गच्च. मी लेफ्ट बॅक. समोरचा विंगर मला दोनदा गंडवून गेला, दुसऱ्यांदा गोल. विसाव्या मिनिटाला नंबर दाखवला, माझाच. आमच्याच तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्यांच्याबरोबर सकाळी मिसळ खाल्ली ती पोरं! बूट हातात घेऊन मागच्या दारानं घरी गेलो, मोजे चिखलाचे, रस्त्यावर ठसे उमटत होते. आठ दिवस कट्ट्यावर गेलो न्हाई. मग आमचा कोच घरी आला, आईनं केलेला चहा प्याला, मॅचचा विषयच काढला न्हाई, जाताना एवढंच म्हणाला, "उद्या सहाला ये." गेलो.

झिर्कझीला कोण घरी न्यायला आलं ठाऊक न्हाई, पण दोन आठवड्यांनी एफए कपात आर्सेनलच्या घरात, दहा जणांत खेळून मॅच पेनल्टीवर गेली आणि शेवटची पेनल्टी ह्याच गड्यानं मारली. आत! मी घरात एकटाच नाचलो, वरच्या मजल्यावरनं काठी आपटली.

तवा खेळाडूला शिव्या देताना जरा दमानं. तीन सेंटर बॅकची सिस्टीम आन् विंगबॅक म्हणून खेळायला धड माणूस न्हाई. बैल न जोडता गाडी हाकायची, मग चाकाला दोष.

मोजके बोलतो (पुणे)

आपला मिडफिल्डर मॅकटॉमिने ऑगस्ट 2024 मध्ये इटलीच्या नापोलीला विकला. तिकडे पहिल्याच सीझनला लीग जिंकला, वर इटलीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अँटनी, ज्याच्यावर आपण 8 कोटी पौंडांच्या वर उधळले, जानेवारीत स्पेनच्या बेटिसला गेला आणि बेटिस युरोपातल्या फायनलला पोचलं. आपल्याकडून जो निघतो त्याची तब्येत सुधारते. हवापालटाचं ठिकाण उलटं असतं आपलं.

नाशिककर, सध्या मँचेस्टर

इथे राहून सहा वर्षं झाली. पहिल्यांदा स्टेडियम पाहिलं तेव्हा हात जोडले होते, खोटं कशाला बोलू.

मे 2024 मध्ये आर्सेनलची मॅच संपल्यावर पाऊस कोसळला आणि छताच्या कोपऱ्यातून पाण्याची धारच्या धार स्टँडमध्ये. लोक व्हिडिओ काढत होते, हसत होते. मला आमच्या जुन्या वाड्याची पन्हाळ आठवली. फरक इतकाच की आमच्या वाड्याला कोणी 'स्वप्नांचं नाट्यगृह' म्हणत नसे.

पण सांगायचं आहे ते 9 मार्च 2025 चं. मॅच पुन्हा आर्सेनलशीच. त्या दिवशी ग्लेझरविरोधी मोर्चा होता, काळे कपडे घालून या असं आवाहन होतं. माझ्याकडे काळं म्हणजे मावसभावाच्या लग्नातलं जॅकेट, तेच घातलं. हजारो माणसं. हिरवे-पिवळे मफलर बरेच, ते आपल्या क्लबच्या जन्माचे रंग. 1878 साली रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ नावाने तो काढला तेव्हाचे. माझ्या बाजूला सत्तरीचे एक आजोबा, हातात काठी, गळ्यात तसाच मफलर, लोकर उसवलेली. मी विचारलं, किती वर्षं येताय? म्हणाले, वडिलांच्या खांद्यावर बसून यायचो तेव्हापासून. मग मला विचारलं, तू कुठला? नाशिक म्हटल्यावर त्यांना अर्थातच कळलं नाही. "मुंबईपासून चार तास." तेवढ्या लांबून कशाला आलास रे, असं काहीसं म्हणाले आणि खिशातली पेपरमिंटची गोळी दिली. गोळीला मफलरची लोकर चिकटली होती. तशीच खाल्ली.

त्या सीझनमध्ये उरलेली तिकिटं मध्येच सरसकट 66 पौंड केली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. क्लबमधल्या अडीचशे लोकांच्या नोकऱ्या आधीच गेल्या होत्या, आणखी दोनशेपर्यंत जाणार असं फेब्रुवारीत जाहीर झालं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद. चौथाईहून थोडा जास्त हिस्सा घेतलेले रॅटक्लिफ म्हणतात, काटकसर केली नाही तर क्लब बुडेल. असेल खरं. पण स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन अॅशवर्थला न्यूकॅसलकडून पैसे मोजून आणायचं आणि पाच महिन्यांत घरी पाठवायचं, हे कुठल्या काटकसरीत बसतं? हत्ती गेला की शेपटासाठी स्वयंपाकघरात धावायचं.

मॅच 1-1 झाली. कप्तान ब्रुनोची फ्रीकिक आत गेली तेव्हा मोर्चातलेच सगळे आत बसून ओरडत होते, मीही.

अॅनफिल्डचा पाहुणा (डोंबिवली)

चपला बाहेर काढल्या आहेत.

लिव्हरपूलवाला आहे. एप्रिलमध्ये विसावी लीग जिंकली, म्हणजे तुमच्याइतक्याच झाल्या, हे सांगायला आलो होतो. पण वरचं वाचून जीभ आवरली. आम्ही 1990 ते 2020, तीस वर्षं लीगविना काढली. तुमची आत्ता कुठे बारा झालीत. वनवास संपला असं मात्र समजू नका.

मार्च 2023 मध्ये आम्ही तुम्हाला हरवलं त्या 7-0 बद्दल मी काहीही बोललो नाही याची नोंद घ्यावी.

रात्रपाळी (ठाणे)

घेतली. चपला उचला आता.

एक आई (सांगली)

मी फुटबॉल बघत नाही, पण मुलामुळे मला क्लीन शीट म्हणजे काय (एकही गोल न खाणं) ते कळतं आणि आपल्याकडे ती धुवायला टाकलेली असते तेही कळतं.

18 एप्रिलला पहाटे तीनच्या सुमारास घरात किंकाळी. मी लाटणं घेऊन बाहेर आले, हे बॅटरी शोधतायत. बघते तर चिरंजीव जमिनीवर पालथे, उशी तोंडात, आणि टीव्हीवर एक धिप्पाड माणूस धावतोय. युरोपा लीगची ल्योनविरुद्धची मॅच. जादा वेळात 2-4 ने मागे होते म्हणे, आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत तीन गोल. शेवटचा त्या धिप्पाड माणसाचा, डोक्याने. मी विचारलं, हा कोण? "आई, मॅग्वायर!" आता गंमत बघा, याच मॅग्वायरचे विनोद तो मला जेवताना मोबाईलवर दाखवायचा. मी म्हटलं, अरे, हाच का तो तुझा ओंडका? तर डोळे पुसत म्हणतो, त्याला काही बोलू नकोस.

यांनी चहा टाकला. तिघांनी सव्वातीनला चहा प्यायला.

फायनलच्या रात्री मीही बसले होते, तेव्हापासून मला पनवती म्हणतो. खेळाडूंचं मला कळत नाही. तो पाठीवर आठ नंबरचा कप्तान आहे ना, हात उडवून सगळ्यांवर चिडत असतो, तो मात्र आपलाच वाटतो. घरात एकटाच काम करणारा माणूस असाच चिडचिड करतो.

फातोर्ड्याचा

गोंयचा माणूस, थोडं वेगळं सांगतो. तुम्ही पंधरावे आलात तरी आहात. 2016 मध्ये धेंपे, साळगांवकर आणि स्पोर्टिंग हे आमचे तिन्ही क्लब आय-लीगमधून (देशातली फुटबॉल लीग) बाहेर पडले. धेंपे म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता. शनिवारी संध्याकाळी कुठे जायचं हेच पपांना कळेना, ते स्टेडियमजवळच्या टपरीवर जाऊन भजी खाऊन परत यायचे. त्या दिवसांत मी युनायटेड बघायला लागलो, वाईट काळ असताना. मला चांगला युनायटेड माहीतच नाही! आणि 2024-25 मध्ये धेंपे आय-लीगमध्ये परत आले. पपा पहिल्या मॅचला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बस्स, एवढंच.

धागाकर्ता

लाटणं घेऊन आलेल्या आईंना मानाचा मुजरा. पनवती वगैरे काही नसतं, फायनलच्या रात्री मीही तीच जर्सी घातली होती जी सीझनभर घालत होतो, अपराधी मीच.

फिक्स्चर लागलंय. पहिलीच मॅच 17 ऑगस्ट 2025, रविवार, घरी, आर्सेनलशी. आपल्याकडे रात्री 9. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी. नवा फॉरवर्ड कुन्या आलाय वुल्व्हज क्लबमधून, बघू.

ठाण्यात कोणाच्या घरी?

रात्रपाळी (ठाणे)

माझ्याकडे या. बाबा विचारत होते, त्या दिवशी क्रिकेट नाही ना.

तालमीचा पोरगा (कोल्हापूर)

आमच्या हितं तालमीत पडदा लावणार हाय. लवकर या, खुर्च्या कमी हायत.