अनुभव धागा : व्हिक्टोरियन काळातील गॉथिक गूढ मांगा आपल्याला का धरून ठेवतात?

निवेदन

दिवाळी अंकांतील गूढकथांवर वाढलेल्या अनेक वाचकांच्या कपाटात गेल्या काही वर्षांत उजवीकडून डावीकडे उघडणारी जपानी चित्रकथांची, म्हणजे मांगांची, पुस्तके येऊन बसली आहेत. त्यांतील एका प्रकाराविषयी सर्वांनी सविस्तर लिहावे, अशी सूचना काही जणांनी केल्यामुळे हा धागा काढत आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड, कोळशाच्या धुराने काळवंडलेले लंडन, उमरावांचे वाडे, बंद दालने, खून आणि त्यांचा माग काढणारे कोणीतरी, हा तो प्रकार. याना तोबोसो यांची ‘ब्लॅक बटलर’ ही मालिका २००६ पासून सुरू आहे आणि तिचे तीसहून अधिक खंड झाले आहेत. काओरी युकी यांचा ‘काउंट केन’ तिच्याही आधीचा, म्हणजे १९९१ पासूनचा आहे. ‘मोरिआर्टी द पेट्रियट’ २०१६ मध्ये सुरू झाली. त्या सर्वांच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये, मोतो हागिओ यांनी रक्तपिपासूंच्या ज्या कथा सुरू केल्या, त्यांतही इंग्लंडमधील जुनी घरे आणि बागा आहेत.

माझ्यापुरते सांगायचे तर ‘ब्लॅक बटलर’ची मूळ कल्पनाच मला सोडत नाही. आईवडिलांच्या हत्येनंतर दहा वर्षांचा एक मुलगा, जो पुढे अर्ल म्हणजे मोठा उमराव होतो, सैतानाशी करार करतो. सूड पूर्ण होईपर्यंत सैतानाने त्याच्या घरी बटलर म्हणून राबायचे आणि मोबदल्यात शेवटी त्याचा आत्मा घ्यायचा, असा तो करार आहे. चहा वेळेवर येतो, चांदीची भांडी लखलखतात, पाहुण्यांची सरबराई चोख होते, आणि हे सर्व करणारा हातच एके दिवशी घराच्या धन्याचा घास घेणार आहे, हे पहिल्या खंडापासून वाचकाला ठाऊक असते. खुनी कोण, हे रहस्य प्रत्येक पर्वात उलगडते. परंतु त्या घराची शिस्त कशावर उभी आहे, ही अस्वस्थता कधीच संपत नाही. आपल्याला या कथांमध्ये नेमके काय धरून ठेवते, ते आपापल्या अनुभवातून लिहावे. गुन्हेगारांची नावे कृपया उघड करू नयेत.

मुंबई, वास्तुजतनाच्या कामातील वाचक

माझ्या बाबतीत ही ओढ पुस्तकांच्या आधी दगडांतून आली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले, आणि ‘ब्लॅक बटलर’च्या सुरुवातीच्या पर्वांचे कथानक त्याच १८८८ च्या सुमारास घडते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा राजाबाई टॉवर १८७८ चा आहे. भिंतींतून बाहेर झेपावणारे दगडी प्राणी, टोकदार कमानी, रंगीत काचा आणि वर पाहता पाहता मान दुखावी अशी उंची मी विद्यार्थिदशेपासून रोज पाहत आले, आणि त्यातील बरेचसे कोरीवकाम आपल्याच कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. त्यामुळे मांगामध्ये रात्रीच्या आकाशासमोर उभा असलेला वाडा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो मला परका वाटलाच नाही.

गॉथिक कथेत इमारत हे पात्र असते, असे नेहमी म्हटले जाते. परंतु चित्रकथेत ते शब्दशः खरे ठरते, कारण तेथे लेखकाला वाड्याचे वर्णन करून पुढे जाता येत नाही. जिना प्रत्येक वेळी काढावा लागतो. कोणते दार कोठे उघडते, खिडकीतून कोणती बाजू दिसते आणि दिवा कोठे ठेवला आहे, हे आधी ठरवावे लागते. ‘ब्लॅक बटलर’मध्ये एका मेजवानीच्या रात्री वादळामुळे सर्व पाहुणे वाड्यातच अडकतात आणि खून होतात. त्या पर्वात एक तरुण डॉक्टर-लेखक पाहुणा म्हणून येतो, आणि शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली होती हे लक्षात असले की त्याची ओळख वाचकाला फार लवकर पटते. मी ते पर्व दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा केवळ दालनांची रचना कागदावर मांडत वाचले, आणि कोण कोठून कोठे जाऊ शकत होते, हे चित्रांवरूनच बरेचसे सुटत गेले.

पुणे, पुस्तकांसाठी चित्रे काढणारा वाचक

वरील प्रतिसादाला जोडून मला कागदाविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते या कथांचे निम्मे भय कागदाच्या रचनेतून येते. उजवीकडून डावीकडे वाचताना समोरासमोरच्या दोन पानांतील शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या, बाहेरील कोपऱ्यात येते, म्हणजे नेमके जेथे बोट ठेवून आपण पान उलटतो तेथे. कुशल मांगाकार या कोपऱ्यात प्रश्न ठेवतो : अर्धवट उघडलेले दार, कोणाचे तरी वळलेले डोके, संवाद नसलेला एक हात. उत्तर पुढच्या पानावर, वरच्या उजव्या बाजूस, बहुतेकदा मोठ्या चौकटीत असते. दार उघडण्याची कृती अशा रीतीने वाचकाच्याच बोटांकडून करवून घेतली जाते. भ्रमणध्वनीवर एकेक पान सरकवत वाचणाऱ्यांना कथा कळते, परंतु हा परिणाम बऱ्याच अंशी निसटतो, म्हणून शक्य असेल त्यांनी छापील खंड मिळवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. मांगा बहुतांशी एकाच शाईत छापल्या जातात. करड्या छटांसाठी ठिपक्यांचे स्क्रीनटोन वापरतात आणि गडद भाग शाईने सपाट भरतात. व्हिक्टोरियन काळ या तंत्राला विलक्षण मानवतो. पुरुषांचे काळे कोट, विधवांचे काळे पोशाख, बग्ग्या, लोखंडी कुंपणे, धूर, रात्र, आणि त्यांच्याशेजारी पांढरे हातमोजे, लेस, चिनी मातीचे पेले. ‘ब्लॅक बटलर’मधील सैतानी बटलर सेबास्टिअन याचा कोट ज्या चौकटीत येतो, ती चौकट त्या काळ्या आकाराभोवती बांधलेली असते, आणि तो आकार तिच्या कडेपर्यंत पोहोचला की तिच्यातील माणसांना जागाच उरत नाही. मी हे बारकावे शिकण्यासाठी काही पाने हाताने उतरवून काढली. लेस काढायला दिवस गेला आणि काळा भाग भरायला काही मिनिटे लागली. तरीही नजर प्रथम त्या काळ्याकडेच जाते.

नाशिक, औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी वाचक

मी ‘काउंट केन’ची वाचक आहे. त्यातील तरुण उमराव विषांचा संग्राहक आहे आणि इंग्रजी बालगीतांच्या ओळींभोवती खून गुंफलेले आहेत. शाळेत टाळ्या वाजवत म्हटलेली गाणी तेथे पुन्हा भेटतात, तेव्हा त्यांतील मृत्यू आपल्या लक्षात कसा आला नव्हता, याचे आश्चर्य वाटते.

विषय शिकवत असल्यामुळे मला त्यामागील वास्तवही ठाऊक आहे. आर्सेनिक त्या काळी उंदीर मारण्यासाठी सर्रास मिळे, आणि भिंतींवरील कागदांच्या हिरव्या रंगातही ते असे. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये ते ओळखण्याची खात्रीची चाचणी दिली. १८५१ च्या कायद्याने विक्रेत्याला खरेदीदाराची नोंद ठेवणे भाग पाडले, आणि किरकोळ विक्रीच्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे पांढरी पूड साखर समजून कोणाच्या अन्नात जाणार नाही, अशी तरतूद केली. घरातील सर्वांत सुंदर खोलीच्या भिंतीत विष असू शकते, ही कल्पना गॉथिक लेखकाला शोधावी लागलीच नाही. ती दुकानात विकत मिळत होती.

लेस्टर, इंग्लंड

आम्ही येथे सुट्टीच्या दिवशी जुने वाडे पाहायला जातो. दर्शनी जिना रुंद आणि उजेडाचा असतो. नोकरांचा जिना अरुंद, भिंतीआड दडवलेला असतो आणि त्याचे दार कधी कधी भिंतीच्या सजावटीतच मिसळून टाकलेले असते. तळघरात प्रत्येक खोलीच्या नावाची घंटा ओळीने टांगलेली दिसते. हे पाहिल्यावर ‘मोरिआर्टी द पेट्रियट’ वाचताना माझा राग अधिक खोल गेला. त्या मालिकेत उमरावांच्या घरांतील गुन्हे उमराव असल्यामुळेच झाकले जातात, आणि कथानायक त्यांना शिक्षा देण्यासाठी स्वतः गुन्ह्याचा मार्ग धरतो. त्याचा मार्ग मला मान्य नाही, पण त्याचा प्रश्न मी नाकारू शकत नाही.

‘शॅडोज हाउस’ या मालिकेत काळ व्हिक्टोरियन म्हणून सांगितलेला नसला, तरी वाडा, पोशाख आणि रीतिरिवाज त्याच घडणीचे आहेत. तेथील धन्यांना चेहरा नाही. ती काळी छायारूपे आहेत आणि भावना उफाळल्या की त्यांच्यातून काजळी बाहेर पडते. प्रत्येकाला त्याचा चेहरा म्हणून एक सेवक दिलेला असतो, आणि दिवसभर ती काजळी पुसणे हे त्या सेवकाचे काम असते. मालक आणि नोकर यांच्या नात्याबद्दल इतके नेमके रूपक मी इतरत्र पाहिलेले नाही.

कोलकात्यात राहणारा मराठी वाचक

‘ब्लॅक बटलर’मधील भारतीय पर्वाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. भारतातून परतलेल्या इंग्रजांना लुटून उलटे टांगले जाते, त्या शोधात बंगालचा राजपुत्र सोमा आणि त्याचा सेवक अग्नी भेटतात, आणि गुंता क्रिस्टल पॅलेसमधील करीच्या स्पर्धेपर्यंत जातो. बंगाल त्या वेळी थेट ब्रिटिश अमलाखाली होता, त्यामुळे असा राजपुत्र इतिहासात बसत नाही, आणि कालीच्या उपासनेभोवतीचे काही चित्रण युरोपीय कादंबऱ्यांतून उचलल्यासारखे वाटते. हे मला खटकले आणि आजही खटकते.

तरीही अग्नीविषयी माझ्या मनात खरी माया आहे. संपूर्ण मालिकेत स्वयंपाकघरात सेबास्टिअनच्या तोडीचा ठरणारा माणूस तो आहे, आणि त्याच्याकडे सैतानी शक्ती नाही. केवळ निष्ठा आणि कसब आहे. त्या काळातील प्रत्यक्ष इंग्लंड पाहिले, तर १८८७ मध्ये आग्र्याचे अब्दुल करीम राणीच्या सेवेत दाखल झाले, १८८९ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला शिकायला गेल्या, आणि १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून संसदेवर निवडून आले. त्या धुक्यात आपली माणसे खरोखरच चालत होती. एखाद्या मांगाकाराने किंवा मराठी चित्रकथाकाराने कायदा शिकणाऱ्या अशा तरुणीला एका बंद वाड्याच्या रहस्यासमोर उभे करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

टोकियो, अभियंता

जपानी लेखकांना इंग्लंडचे एवढे आकर्षण का, असे मला नेहमी विचारले जाते. येथे राहताना त्याचा एक धागा सापडतो. जोसाया कॉन्डर हे इंग्रज वास्तुविशारद १८७७ मध्ये जपानला आले. त्यांनी १८८३ मध्ये रोकुमेइकान हे पाश्चात्त्य मेजवान्यांचे सभागृह उभारले आणि १८९६ मध्ये इवासाकी कुटुंबाचे घर बांधले. ते घर आजही उएनोजवळ पाहता येते. पाश्चात्त्य हवेलीतून एका वाटेने चालत गेले की आपण चटयांच्या जपानी दालनांत येतो. व्हिक्टोरियन पोशाख आणि शिष्टाचार त्या पिढीने मोठ्या कष्टाने अंगी बाणवले होते. त्यामुळे चहाचा पेला कसा धरावा, कोणी कोणापुढे किती झुकावे, यांविषयी या मांगांत जो ध्यास दिसतो, तो मला वरवरचा वाटत नाही.

नागपूर, दोन मुलांची आई

आकर्षक मुखपृष्ठ पाहून पालकांनी ही पुस्तके लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, एवढेच सांगते. लहान मुलांवरील अत्याचार, छळ आणि रक्तपात यांचे प्रसंग अनेक पर्वांत आहेत. माझी मोठी मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर आम्ही सर्कशीचे पर्व एकत्र वाचले आणि त्यावर पुष्कळ बोललो. ते मी तिला एकटीने वाचू दिले नसते.

निवेदनकर्त्याचा प्रतिसाद

सुरुवात कोठून करावी, असे काहींनी विचारले आहे. ‘ब्लॅक बटलर’चे पहिले प्रकरण हलकेफुलके आहे आणि त्यावरून मालिकेचा अंदाज येत नाही, म्हणून लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील १८८८ च्या हत्यांवर आधारलेल्या पर्वापर्यंत अवश्य पोहोचावे, कारण तेथे मालिकेला तिचा खरा स्वर सापडतो. त्यानंतर भारतीय पर्व आणि सर्कशीचे पर्व क्रमानेच वाचावे. मेजवानीच्या रात्रीचे पर्व स्वतंत्रपणेही समजते, म्हणून शुद्ध रहस्यकथेची आवड असणाऱ्यांनी तेथून आरंभ करायला हरकत नाही. विषांच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी ‘काउंट केन’ घ्यावे, आणि नोकर-मालक या प्रश्नाने ज्यांना ग्रासले आहे, त्यांनी ‘शॅडोज हाउस’. पुण्याच्या वाचकांनी उतरवून काढलेली पाने येथे दाखवावीत, अशी त्यांना विनंती आहे.