मदत हवी आहे: रंगवलेलं टॅपेट कव्हर बसवलं आणि तेल गळायला लागलं

गोटीपाना

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, होंडा सिटी 1.5, 2001 चं मॉडेल. इंजिन ठणठणीत आहे, पण टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचा, काळा रंग पापुद्रे धरून निघत होता आणि त्याखालचं रबरी पॅकिंग लाकडासारखं कडक झालं होतं. पॅकिंग बदलायचंच होतं, म्हटलं कव्हरही नवं दिसू दे. दिवाळीच्या सुट्टीतला उद्योग.

कव्हर खोललं, डिझेलने धुतलं, एमआयडीसीत नेऊन सँड ब्लास्टिंग (वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग उडवणं) केलं आणि तिथेच शेजारी लाल पावडर कोटिंग करून घेतलं. घरी आणलं तेव्हा इतकं देखणं दिसत होतं की बायको म्हणाली, हे शोकेसमध्येच ठेवा. ऐकायला हवं होतं.

नवं पॅकिंग घालून बसवलं. 40 किलोमीटर चाललो असेन. आता दोन दुखणी आहेत.

पहिलं, टायमिंग बेल्टच्या बाजूच्या कोपऱ्यातून तेल पाझरतंय. ते पुढे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) उतरतं आणि सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास थेट केबिनमध्ये. दुसरं, तेल भरायच्या झाकणाभोवती कोटिंगला फोड आलेत, पुरी टम्म फुगावी तसे.

नट अजून आवळू का? शेजारचे मेकॅनिक म्हणतात, सगळीकडून सिलिकॉनची पेस्ट फिरवू, हत्ती बसला तरी गळणार नाही.

आंबाघाट

आवळू नका! त्या गाडीला कव्हरवर टोपीचे नट असतात, खाली रबरी वॉशर. नट ठराविक ठिकाणी जाऊन टेकतो. कव्हर दाबून धरायचं काम रबर करतं. रबर वाळून चपटं झालं असेल तर नट घट्ट लागतो आणि कव्हर मात्र सैलच राहतं. मग माणूस आणखी जोर लावतो आणि नट ज्यावर बसतो तो स्टड तुटतो. माझा तुटलाय, म्हणून सांगतोय. 10 ची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा हे कॉम्बिनेशन फार वाईट.

वॉशर नवे घातले होते का?

गोटीपाना

नाही. जुनेच पुसून लावले. पॅकिंगच्या पुड्यात ते नव्हते, आणि मीही मागितले नाहीत.

फौंड्रीवाला

कोल्हापूरजवळ शिरोलीत अ‍ॅल्युमिनियम ओतण्यात बावीस वर्षं गेली, तेव्हा फोडांबद्दल मी बोलतो.

कास्टिंग डोळ्यांना भरीव दिसतं, पण आत बारीक छिद्रं असतात. वीस-बावीस वर्षं गरम तेलात राहिलेल्या कव्हरने ते तेल पोटात घेतलेलं असतं. डिझेलने धुतलंत म्हणजे कातडी धुतलीत. पावडर भट्टीत 180 ते 200 अंशांवर शिजते. त्या तापमानाला आतलं तेल आणि हवा बाहेर यायला बघतात, वर पावडर वितळून साय धरलेली असते, मग फोड. जिथे तेल जास्त, तिथे फोड जास्त. झाकणाभोवती आले हे बरोबरच आहे.

म्हणून जुनं कास्टिंग आधी नुसतंच, बिनरंगाचं, भट्टीत तापवून घ्यायचं असतं. तापमान कोटिंगच्या तापमानाहून थोडं वर, वेळ तासभर. बाहेर काढल्यावर डाग दिसले तर थिनरने पुसायचं आणि परत तापवायचं. कोटिंगवाल्याला सांगितलं तर तो करतो. सांगितलं नाही तर तो रिम आणि ग्रिलसारखंच उरकतो, त्याची तरी काय चूक?

आता माझा प्रश्न. ब्लास्टिंगच्या आधी कव्हरच्या आतला पत्रा काढला होता का?

गोटीपाना

कुठला पत्रा? आत ब्रीदर पाइपच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा) तोंडाशी एक पत्र्याची पट्टी आहे, पिनांनी पक्की बसवलेली. ती नाही काढली. तिचा काय संबंध?

फौंड्रीवाला

गाडी बंद करा. आत्ता. उद्या ऑफिसला नेऊ नका.

त्या पत्र्यामागे पोकळी असते. वाफेबरोबर उडालेलं तेल तिथे अडून खाली पडावं म्हणून ती केलेली असते. ब्लास्टिंगची वाळू चारी बाजूंनी आत घुसते आणि तेलकट असल्यामुळे चिकटून बसते. हवेने फुंकून, पाण्याने धुऊन निघत नाही. इंजिन गरम झालं, तेल उडालं की ती सुटते आणि सरळ कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) पडते.

तेलकट_हात

यांनी सांगितलंय ते शब्दशः खरं आहे. भीती घालत नाहीयेत.

"फिल्टर आहे की" असं वाटेल, म्हणून सांगते. तेल आधी चेंबरमधल्या (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) जाळीतून पंपात जातं आणि पंपातून फिल्टरमध्ये. म्हणजे पंपाला माल विनागाळणीच मिळतो. शिवाय थंड इंजिन सुरू करताना तेल घट्ट असतं, तेव्हा फिल्टरचा बायपास (आडवाट) उघडला तर काही तेल न गाळताच बेअरिंगकडे जातं.

काय करायचं: तेल काढा, पण पांढऱ्या तसराळ्यात, पातळ कापडातून गाळून. फिल्टर कापा आणि आतला कागद उलगडून उन्हात बघा. वाळूला लोहचुंबक लागत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून "काही नाही" म्हणू नका; बोटांत चोळून बघा. आणि कव्हर काढून त्या पिना ड्रिलने उडवा.

गोटीपाना

रात्री साडेअकरा. ड्रिल केलं. पत्रा उचकटला.

चमचाभर निघाली. पोह्यांच्या चमच्याने मोजली तर भरून. फिल्टरच्या घड्यांमध्येही करकर लागते आहे, थोडी, पण लागते. हात धुऊन बसलोय.

कांदेपोहे

आमच्या नावाचा चमचा बदनाम केलात राव.

थट्टा सोडा, 40 च किलोमीटर झालेत हे नशीब समजा. लोक हजारो किलोमीटर चालवतात आणि मग "इंजिन का आवाज करतंय" म्हणून धागा काढतात.

आंबाघाट

चेंबर उतरवा. सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागेल, त्याचे नट गंजलेले असतात, आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. जाळी धुवा, चेंबर धुवा. मग स्वस्तातलं तेल आणि नवा फिल्टर घालून काही मिनिटं नुसतं आयडलला चालवा, ते काढून टाका आणि मगच चांगलं तेल भरा. पैसे जातात, पण इंजिनाच्या कामापुढे ते चिल्लर.

तेलकट_हात

आता मूळ गळतीकडे येते, ती राहूनच गेली.

पॅकिंग बसतं त्या खाचेत पावडर आहे का बघा. खाचेला आणि खालच्या बसायच्या कडेला हिरवी उष्णतारोधक टेप लावूनच कोटिंग करायचं असतं. आत थर चढला की खाच उथळ होते, पॅकिंग पूर्ण शिरत नाही आणि कोपऱ्यात उचलून येतं. तुमचा कोपरा तोच असणार. खरवडताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून कायमची वाट. लाकडी पट्टी किंवा पितळी ब्रश. कोणी कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगेल, मुळीच ऐकू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, कव्हर काळंठिक्कर होऊन बाहेर येईल.

सिलिकॉन सगळीकडून नको. रबरी पॅकिंगवर ते वंगणासारखं वागतं आणि आवळताना पॅकिंग सरकतं. आतल्या बाजूला पिळून आलेलं सिलिकॉन पुढे तुटून चेंबरच्या जाळीत जाऊन बसतं. फक्त जिथे कॅमच्या टोकाशी अर्धगोल आकार सपाट कडेला मिळतो, त्या कोपऱ्यांत वाटाण्याएवढा ठिपका. दोन्ही बाजू आधी थिनरने कोरड्या पुसून घ्या. लावल्यावर चहाला जाऊ नका, साय धरायच्या आत कव्हर बसलं पाहिजे.

नट मधून सुरू करून आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटी 10 न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे फार नाही, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. स्पार्क प्लगच्या नळ्यांची रबरी सीलही याच वेळी बदला, नाहीतर महिन्याभराने "प्लगच्या विहिरीत तेल" असा दुसरा धागा येईल.

फौंड्रीवाला

आणि ब्रीदर पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती वाफ परत इंजिनात ओढू देणारी झडप) तुंबलेले नाहीत ना बघा. इंजिनाच्या पोटात दाब साठला तर कितीही चांगलं पॅकिंग लावा, तेल कुठून तरी वाट काढणारच. पत्रा परत बसवताना पिनांऐवजी छोटे स्क्रू घालणार असाल तर लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि टोकं मागून ठोकून पसरवा. तो स्क्रू कॅमवर पडला तर वाळू परवडली म्हणाल.

गोटीपाना

नऊ दिवसांनी लिहितोय, क्षमस्व.

चेंबर उतरवलं. जाळीवर दोन-चार कण होते, तळाला चिमूटभर. पंपाला हात लावला नाही, तेलाचा दाब गेज लावून बघितला, मॅन्युअलमधल्या आकड्यांत बसतोय. कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) केसाएवढी रेघ आहे, नखाला लागत नाही. ती आधीची की माझी, देव जाणे.

कव्हरची लाल पावडर स्ट्रिपरने काढली, आतून-बाहेरून गरम साबणपाण्याने चार वेळा धुतलं, आता नागडं अ‍ॅल्युमिनियमच ठेवलंय. नवे वॉशर, नवी सील, कोपऱ्यात ठिपका. टॉर्क रेंच पुतण्याकडून उसना. आज 120 किलोमीटर झाले, कोपरा कोरडा, वास नाही. बाबा म्हणाले, रंग द्यायचा राहिला का रे? मी हो म्हणालो.

पत्र्याला स्क्रू घालताना मात्र एका भोकाचे आटे गेले. तिथे सध्या मोठ्या मापाचा स्क्रू आहे आणि रात्री झोप नीट लागत नाही. कोणाकडे याच मॉडेलचं भंगारातलं टॅपेट कव्हर, पत्र्यासकट, पडून असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रंग कसाही चालेल.