शब्द तोडून बोललं की इंग्रजी शुद्ध होतं? साफ चूक!

तिखटमीठ

पालकांच्या ग्रुपांवर कालपासून एका स्पोकन इंग्लिश क्लासच्या सरांची पोस्ट फिरतेय. म्हणे, इंग्रज लोक आळशी झालेत, 'लॉ अँड ऑर्डर'चं 'लॉरन् ऑर्डर' करतात, आपल्या मुलांनी मात्र प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारावा. खाली नुसत्या टाळ्या. मला राहवेना.

आळस कसला? दोन शब्दांचे स्वर शेजारी आले की काय घडणार हे ठरलेलं असतं. पहिला शब्द ई, ए, आय असा संपला की मध्ये पुसट य येतो: 'सी इट'चं 'सीयिट'. ऊ किंवा ओ असेल तर ओठ गोल होऊन व: 'गो ऑन'चं 'गोवॉन'. 'द'सुद्धा स्वरापुढे 'दी' होतो, म्हणून 'दीयॅपल'.

र ची गोष्ट निराळी. दक्षिण इंग्लंडात अठराव्या शतकात शब्दाच्या शेवटचा र गळायला लागला आणि 'फार'चं 'फा' झालं. पुढे स्वर आला की मात्र तो र परत येतो: 'फार अवे'चं 'फारवे'. आता 'लॉ' आणि 'आयडिया' यांच्या शेवटी र कधीच नव्हता, पण कानाला ते र गळालेल्या शब्दांसारखेच लागतात, म्हणून तिथेही र येऊन बसला. इंग्रजी उच्चारांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी १९८२ साली हे सगळं सविस्तर मांडलंय. आपण 'इति' अधिक 'आदि' बरोबर 'इत्यादि' घोकतो आणि इंग्रजांच्या संधीला आळस म्हणतो!

देगलूरचा मास्तर

तुमचं उदाहरणच चुकलंय. 'इत्यादि'त होते ती यण् संधी; तिच्यात मूळचा इ उरत नाही, त्याचाच य होतो. 'सी इट'मध्ये ई जागची हलत नाही. तुलना करायचीच तर प्राकृतातल्या यश्रुतीशी करा, तिथे दोन स्वरांच्या मध्ये नुसता पुसट य येतो.

आणि नियम असेल हो, पण कुणासाठी? माझी सातवीची पोरं 'आय ॲम' ऐकून वहीत 'याम' लिहितात. त्यांना पुढे पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या माणसाशी बोलायचंय, लंडनच्या नाही. परदेशी लोक आपसात जे इंग्रजी बोलतात त्याला ही जोडाजोड लागत नाही, असं भाषाअभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालीच लिहिलंय. त्या सरांची भाषा चुकली असेल, सल्ला चुकलेला नाही.

टेम्सकाठी

मास्तर, बोलायला नका शिकवू, पण ऐकायला तरी शिकवाल की नाही? आमच्या ऑफिसात नागपूरहून एक हुशार मुलगा आला. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब 'डेटा इन एक्सेल'चं म्हणाले, 'डेटारिन एक्सेल'. बिचारा दुपारभर 'डेटारिन' नावाचं सॉफ्टवेअर शोधत होता! शाळेत सुटेच शब्द कानावर पडले तर दुसरं काय होणार?

तिखटमीठ, तुम्हीही सगळ्या इंग्रजांना एकाच पोत्यात भरू नका. या र वर इथलेच लोक नाकं मुरडतात, 'लॉरा नॉर्डर' नावाची बाई करून टिंगल करतात. लंडनमधल्या हॅकनीकडची तरुण पोरं तर 'द'चं 'दी' करतच नाहीत, 'द' म्हणून घशात झटका देतात आणि मग 'ॲपल'. त्यांचं काही अडत नाही. ब्रिस्टलला आणखी गंमत: तिथल्या जुन्या बोलीत 'आयडिया'चं 'आयडियल' होतं. गावाचं मूळ नाव ब्रिजस्टो, शेवटचा ल असाच चिकटला.

न्यूजर्सीकर

अमेरिकेत बहुतेकांचा र गळालाच नाही, त्यामुळे 'लॉ'ला तो चिकटवायचा प्रश्न येत नाही. अपवाद बॉस्टनकडचे. तिकडचेच राष्ट्राध्यक्ष केनेडी 'क्यूबा'ला 'क्यूबर' म्हणायचे. तेव्हा 'इंग्रजीचा नियम' म्हणू नका, अर्ध्या इंग्लंडचा म्हणा.

यमे_बीएड

माझं दुखणं वेगळं आहे. मुंबईत मुलाखतीला गेलो आणि 'यम. ए.' म्हणालो. टेबलामागची तिन्ही माणसं हसली. पुढचा एकही प्रश्न मला धड ऐकू आला नाही. ए च्या आधी य लावायची सवय आमच्या जिभेला आईकडून मिळालीय, घरी आम्ही 'येक'च म्हणतो. साहेबाचा य मध्ये आला की त्याला फ्लुएन्सी म्हणायचं, आमचा सुरुवातीला आला की गावठी! आणि इथे तुम्ही वेल्स काय, जेन्किन्स काय काढत बसलाय.

तिखटमीठ

अगदी खरं. आणि हे मराठीत शब्दाच्या आतही होतं. 'जाऊन' म्हणताना मधे व ऐकू येतो, म्हणूनच लोक 'जावून' लिहितात.

ऱ्हस्वदीर्घ

थांबा! 'जावून'चं समर्थन चाललंय का इथे? धातू 'जा', त्याला 'ऊन', म्हणून 'जाऊन'. 'घे', म्हणून 'घेऊन'. 'ठेव', 'जेव', 'धाव' यांच्यात व मुळातच आहे, म्हणून 'ठेवून', 'जेवून', 'धावून'. इतकं सोपं असताना सरकारी फलकांवरही 'घेवून' दिसतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून आहेत, वाचतो कोण?

यमे_बीएड

अहो, माझ्या नोकरीचं चाललंय आणि तुम्हाला फलक दिसतायत?

ऱ्हस्वदीर्घ

लेखन बिघडलं की भाषा बिघडते. कानाला येईल तसं लिहायचं तर 'येक'ही लिहा पुस्तकात.

टेम्सकाठी

समर्थन कुणीच केलेलं नाही. चूक का होते ते सांगितलंय. उद्या डॉक्टरांनी तापाचं कारण सांगितलं तर त्यांच्यावर तापाचं समर्थन केल्याचा आळ घ्याल! तुमच्या या हेक्यापायीच पोरं मराठीत लिहायला घाबरतात.

ऱ्हस्वदीर्घ

घाबरत नाहीत, कंटाळा करतात. कारण समजलं, एवढं मान्य. 'जावून' मान्य नाही.

देगलूरचा मास्तर

मूळ मुद्द्यावर येतो. 'डेटारिन'चा किस्सा पटला. पण 'सीयिट' असा भरघोस य लिहून दाखवणारेच पोरांना फसवतात. 'आय अर्न' म्हणजे मी कमावतो, 'आय यर्न' म्हणजे मी झुरतो. पहिल्यातला य निसटता, दुसऱ्यातला ठसठशीत. हा फरक न सांगता जोडायला शिकवलं तर सगळं एकच ऐकू येईल. नववीपुढे मी हे रेकॉर्डिंग लावून ऐकवीन. बोलायची सक्ती मात्र कुणावर करणार नाही, आणि माझ्या वर्गात 'यम'ला हसणारा आधी बाहेर जाईल.