विषय: बाळंतिणीला आंबा, पपई, केळं: द्यायचं की नाही?

प्रेषक: फोंड्याची माहेरवाशीण (मुक्काम दुबई)

नमस्कार मंडळी,

बाळंतपणाला माहेरी आले आहे. बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. घरात सध्या एकच वाद चालू आहे, मी काय खायचं. सासूबाई फोनवरून सांगतात, केळं खाऊ नकोस, बाळाला सर्दी होईल. आईला पपईची धास्ती. शेजारच्या आजी म्हणतात, आंब्याने बाळाच्या अंगावर पुरळ उठतं. अननस आंबट म्हणून बाद, कलिंगड थंड म्हणून बाद. ऐन मे महिन्यात दारावर मानकुराद आंब्यांची पाटी येते आणि मी आळिवाची खीर घेऊन बसते.

गंमत सोडा, पण खरंच काय टाळायचं ते कुणी नीट सांगेल का? डॉक्टरवहिनी, तुम्ही ही मेल वाचत असाल तर प्लीज.

प्रेषक: म्हापशाच्या काकू

अगो बाय, आमच्या वेळी सव्वा महिना फळ दृष्टीला पडत नव्हतं. पेज, तूप, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू. पोरं वाढलीच ना? आई-सासूचं ऐकावं, त्यांनी दोन-दोन बाळंतपणं काढली आहेत. पपई तर नकोच नको, उष्ण असते. केळं मात्र मी खायचे, मयडे गावचं, भाजून. भाजलं की बाधत नाही.

प्रेषक: डॉक्टरवहिनी, पणजी

काकू, केळं खायचात हे आज कळलं, बरं झालं. भाजण्याचीही गरज नाही.

आधी दूध कसं तयार होतं ते सांगते, म्हणजे अर्धी भीती तिथेच जाईल. दूध स्तनातल्या पेशी रक्तातून उचललेल्या घटकांपासून बनवतात, पोटातला घास सरळ तिथे जात नाही. फणस खाऊन आईला गॅस झाला तर तो तिच्या आतड्यातच राहतो, दुधात उतरत नाही. अननसाचा आंबटपणाही उतरत नाही, कारण रक्ताची आम्लता शरीर अगदी अरुंद मर्यादेत सांभाळून ठेवतं. सर्दी विषाणूंमुळे होते. बाळाला ती आपल्यापैकी कुणीतरी शिंकून देतं आणि दोष केळ्यावर जातो.

चव मात्र थोडीफार उतरते. आईने लसूण खाल्ली तर दुधाचा वास बदलतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्यात अपाय काही नाही. पुढे वरचं खाणं सुरू होईल तेव्हा घरच्या चवी बाळाला ओळखीच्या वाटतात.

पपईची भीती गरोदरपणातली आहे, ती बाळंतपणात उगीच पुढे चालत आली. तिथेही आक्षेप कच्च्या पपईच्या चिकावर होता. आता पिकलेली पपई खुशाल खा.

काही थोड्या बाळांना आईच्या खाण्यातलं एखादं प्रथिन सोसत नाही हे खरं, पण त्यात सर्वांत जास्त वेळा सापडतं ते गाईचं दूध, फळ नव्हे. शीमध्ये रक्त, खूप पुरळ, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने दहा पदार्थ एकदम बंद करू नका. तसं केलं की कशामुळे झालं ते कधीच कळत नाही आणि आई उपाशी राहते ती वेगळीच.

उपाशी राहणं तर तुम्हाला परवडणारच नाही. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आपल्याकडच्या आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) मोजमाप आहे. क जीवनसत्त्वही एरवीपेक्षा जास्त लागतं, आणि एका मध्यम पेरूत ते दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त असतं. त्या खिरीतल्या आळिवात लोह आहे, पण झाडापाल्यातलं लोह शरीर कंजूषपणे घेतं. सोबत संत्रं किंवा पेरू असला की जास्त घेतं, वर चहा प्यायला की कमी. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या देतात, त्यांनाही हाच नियम. तेव्हा आजींची खीर आणि तुमचा पेरू यांचं भांडण नाही, उलट जमतं.

गरोदरपणात साखर वाढली होती का? तसं असेल तर आंबा मोजून, आणि रस काढण्यापेक्षा फोडी खा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी करमलं (स्टारफ्रूट) खाऊ नयेत. एवढीच पथ्यं.

खरी काळजी घ्यायची ती फळाची नाही, फळाच्या सालीची, सुरीची आणि उन्हाची. टायफॉइड, कावीळ, हगवण यांचे जंतू सालीवर, कापणाऱ्याच्या हातावर, बर्फात असतात. म्हणून गाड्यावरचं कापलेलं कलिंगड, अननसाच्या फोडी, बर्फ घातलेला रस, हे सध्या नाही म्हणजे नाही. कलिंगडाची साल आपण खात नाही, पण तीही धुवायची, कारण सुरी सालीवरची घाण आत ओढत नेते. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. बादलीत दहा फळं एकत्र बुचकळली की एकाची घाण दहांना लागते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी असेल तर शेवटचं धुणं उकळून गार केलेल्या पाण्याने. साबण नको.

फवारणीची शंका असेल तर लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे खायचा सोडा घालून फळ पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर हे करून पाहिलं होतं. सालीवरची औषधं साध्या पाण्यापेक्षा जास्त निघाली, आत मुरलेली निघाली नाहीत.

कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आत्ता पारा बत्तिशीच्या वर आहे, तेव्हा एकच तास धरा. नंतर फ्रिज.

आणि एवढं करूनही पोट बिघडलंच तर दूध बंद करायचं नाही. हगवणीचे जंतू दुधातून जात नाहीत, हातातून जातात. हात साबणाने धुवा, ओआरएस प्या, पाजत राहा.

प्रेषक: सत्तरीचे कुळागरवाले भाऊ

डॉक्टरवहिनींनी दुधाचं सांगितलं, मी झाडाचं सांगतो. आंब्याने पुरळ उठतं हे आजींचं म्हणणं अगदीच फुकट नाही. दुधातून नाही, चिकातून. आंबा आणि काजू एकाच कुळातले. देठ मोडला की जो पाणचट चीक उडतो तो कातडी भाजतो. आंबे उतरवताना माझ्या हाताला दरवर्षी डाग पडतात. तुम्ही देठाकडे चावून आंबा खाल्ला, त्याच ओठांनी बाळाचा गाल चुंबला किंवा त्याच हातांनी पाजायला घेतलं, तर नाजूक कातडीला लागणारच. उपाय सोपा. देठ थोडा ठेवूनच आंबा आणा, घरी देठ कापून आंबा उलटा ठेवा, चीक निथळू द्या, मग पाण्यात तासभर टाका. देठाकडची चकती काढून टाका. साल दातांनी ओढायची हौस बाळ मोठं झाल्यावर. फणस सोलताना हाताला, सुरीला खोबरेल लावतो ते त्याचा चीक चिकटू नये म्हणून.

काजूचा बोंडू खा, पण बिया घरी भाजत बसू नका. टरफलातलं तेल चिकाहून जहाल असतं आणि धूर डोळ्यांत जातो.

कार्बाइडचं म्हणाल तर त्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. इथिलीन वायूला परवानगी आहे, त्याला घाबरू नका. कार्बाइडचा आंबा रंगाने एकसारखा पिवळाधम्मक, वासाला काही नाही, आत कडक नि आंबट, असं आम्ही ओळखतो, पण खात्री देता येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादचा डझन हजारांच्या भावात जातो, तेव्हा घाई करणारे असतातच. कच्चे घेऊन घरी पेंढ्यात अढी लावा, हे बरं.

जमिनीवर पडलेलं, वटवाघळाने किंवा खारीने चावलेलं फळ उचलू नका. जांभळं आणि पेरू यांत फार सापडतात. केरळात २०१८ ला वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूची साथ झाल्यापासून मी मजुरांनाही खाऊ देत नाही.

आता नीरो. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या जागी, काजूचे बोंडू तुडवल्यावर चोथ्यातून ठिबकतो तो रस. पाहुणे येतात, "फळाचाच रस हो" म्हणून बाळंतिणीलाही देतात. सकाळी झाडाखाली तो रस असतो, दुपारी बाजारात पोचेपर्यंत आंबून फेसाळलेला असतो. बाटलीतल्या नीरोवर भरवसा ठेवू नका. हुर्राकबद्दल, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूबद्दल, मी बोलत नाही.

प्रेषक: डॉक्टरवहिनी, पणजी

मी बोलते. आईच्या रक्तात जेवढी दारू, साधारण तेवढीच दुधात. दूध पिळून टाकलं म्हणून ती लवकर जात नाही, रक्तातून उतरायला वेळच लागतो. एका पेल्याला किमान दोन तास धरा. आणि बाळंतिणीला थंडी वाजते म्हणून चमचाभर फेणी पाजणारे लोक आपल्याच मंडळात आहेत, त्यांनी वाचावं.

प्रेषक: म्हापशाच्या काकू

वाचलं. माझं नाव घ्यायची गरज नव्हती.

पण वहिनी, माझ्या नातीचं बाळ संध्याकाळी तास तास रडतं. आईने चिकू खाल्ला की जास्त. हे कसं?

प्रेषक: डॉक्टरवहिनी, पणजी

नाव कुठे घेतलं काकू!

बाळ किती आठवड्यांचं? सहाव्या आठवड्याच्या आसपास संध्याकाळचं रडणं सगळ्यांत जास्त असतं, आईने काहीही खावो, आणि तीन-चार महिन्यांत आपसूक कमी होतं. चिकू नेमका संध्याकाळीच खात असेल. आठवडाभर सकाळी खाऊ द्या आणि बघा. ताप, उलट्या, दूध न ओढणं असलं काही असेल तर थांबू नका, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा.

एक राहिलं. फळं आईने खायची. बाळाच्या जिभेला आंब्याचा रस लावायची पद्धत आहे, ती सहा महिने नको. मध तर वर्षभर नको.

प्रेषक: फोंड्याची माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. तुमच्या मेल आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या, त्यांनी फक्त अंगठा दाखवला, म्हणजे संमती धरते. पपई आजच कापली. शेजारच्या आजी चिकाचं ऐकून खूश आहेत, "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाल्या.

भाऊ, तुमच्याकडचे कच्चे मानकुराद मिळतील का? दोन डझन. देठासकट.

प्रेषक: सत्तरीचे कुळागरवाले भाऊ

शनिवारी फोंड्याच्या बाजारात सुपारी घेऊन येतो आहे, तेव्हा आणतो. वडिलांना पाठवा, तुम्ही उन्हात येऊ नका. पेंढाही देतो. पाटी मात्र परत हवी, मागच्या वर्षीच्या तीन पाट्या या मंडळातच कुठेतरी आहेत.